पदवी तपासणारे सर

कोणी पदवीचं प्रमाणपत्र पुढे केलं की सर ते घ्यायचे आणि टेबलावर पालथं ठेवून द्यायचे. मग समोरच्याला विचारायचे, शेवटच्या वर्षाला पेपरात सुटलेला, उत्तर न आलेला प्रश्न कोणता?

माणूस गोंधळायचा. पास झालेल्याला सुटलेलं कोण विचारतं? पण सरांचं म्हणणं असं, की आलेली उत्तरं महिनाभरात विसरतात, सुटलेला प्रश्न जन्मभर टोचतो. ज्याला तो आठवत नाही, त्याने पेपर दिला असेल यावर आपला विश्वास नाही. मग पुढचे प्रश्न सुरू व्हायचे. परीक्षेची खोली कितव्या मजल्यावर होती, खिडकी कोणत्या हाताला होती, पाणी द्यायला कोण यायचं. एवढं झालं की प्रमाणपत्र सुलटं व्हायचं. मग सर उठून ते खिडकीपाशी उजेडात धरायचे, शिक्क्यावरून बोट फिरवायचे आणि खोलीत दुसरं कोणी नसल्यासारखे कितीतरी वेळ बघत राहायचे.

नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये लागले, तेव्हा सरांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. टाइम ऑफिस त्यांच्याकडे होतं. हजेरी, रजा, नव्या माणसांची कागदपत्रं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कामगार त्यांना पाठीमागे सीआयडी म्हणत. कॅन्टीनचा चहा सकाळचाच परत उकळलाय हे ते एका घोटात सांगत. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, मनगटावरच्यावरही फारसा नव्हता. दोन्ही एकमेकांशी ताडून मगच रजिस्टरवर वेळ टाकत. स्कूटरवर असले आणि हिरवा दिवा लागला, तरी दोन्हीकडे बघून खात्री करून निघत. मागचे हॉर्न वाजवून बेजार होत.

त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. मी एमबीए केलेलं. सुटलेला प्रश्न मी सांगितला, खोली सांगितली, खिडकी सांगितली. मग त्यांनी माझा प्रोजेक्ट उघडला. विषय होता कामगारांचं समाधान. किती कामगारांना भेटलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शंभर. प्रोजेक्टमध्ये तसंच छापलेलं होतं.

"त्यातल्या एकाचं नाव सांगा, मॅडम."

मला एकही नाव सांगता येईना. कारण मी एकालाही भेटले नव्हते. तो प्रोजेक्ट मी कॉलेज रोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतला होता आणि वरचं पान बदललं होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी तेच केलं होतं. सरांनी प्रोजेक्ट मिटला, सोमवारपासून या म्हणाले आणि पुढे कधीही तो विषय काढला नाही. तेच मला सोसेना. हा माणूस आपल्याबद्दल काय धरून बसलाय, कोणाकडे बोललाय का, योग्य वेळेची वाट बघतोय का, या विचारात माझी पहिली दोन वर्षं गेली. त्यांनी मला फाइल मागितली तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

मग मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. एवढा दुसऱ्याच्या पदवीमागे लागणारा माणूस स्वतः काय शिकलाय? त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर नुसतं नाव होतं. विचारलं तर ते म्हणत, "माझं काय, मी जुना माणूस." कोणी सांगायचं ते वकिली शिकलेत, कोणी सांगायचं एम.कॉम. आहेत. त्यांची स्वतःची फाइल मुख्य ऑफिसच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्याकडे नव्हती.

त्यांच्या संशयाने काही वेळा कारखान्याचा फायदा झाला होता. एक जण इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आला, कागद अगदी करकरीत, शिक्का उठावदार. सरांनी विचारलं, कॉलेजात जायला बस कुठली होती? तो म्हणाला, मी गाडीने जायचो. गाडी कुठे लावायचात? यावर तो उठलाच आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो परत आला नाही. प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं.

पण एकदा चुकलेही. पिंपळगाव बसवंतचा एक मुलगा आला होता, द्राक्षाच्या पॅकहाउसवर काम करत शिकलेला. सुटलेला प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला, एकही नाही सुटला. सरांनी त्याला नाकारलं. महिनाभराने पडताळणीच्या पत्राला विद्यापीठाचं उत्तर आलं, मुलगा कॉलेजात पहिला होता. त्याचा खरंच एकही प्रश्न सुटला नव्हता. सर पुढच्याच रविवारी एसटीने पिंपळगावला गेले आणि त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्याला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती. तो हसला म्हणे, पण त्याची आई घरातून बाहेर आली नाही. हे सरांनीच मला सांगितलं. म्हणाले, "खोटा आत आला तर पुढेमागे काढता येतो. खरा परत गेला, त्याचं काय करायचं?" मला वाटलं आता तरी हे बदलतील. पण दुसऱ्या दिवशी नवा उमेदवार आला आणि त्याचं प्रमाणपत्र पुन्हा पालथं पडलं.

रंजना भोयेचा अर्ज आला तो याच सुमारास. रंजना पॅकिंगला होती, कंत्राटी. सुरगाण्याकडची बाई, लग्नानंतर नाशिकला आलेली, नवरा गेल्यावर चुंचाळ्यात एका खोलीत मुलीला घेऊन राहायची. अकरा वर्षं ती आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भाग भरून वरून टेप मारत होती. स्टोअरमध्ये कायम क्लार्कची जागा निघाली, अट पदवीची होती. रंजनाने अर्जासोबत बी.ए.चं प्रमाणपत्र जोडलं होतं, इतिहास विषय घेऊन, बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेलं.

सरांनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. मी शेजारीच होते. ती हात मागे बांधून उभी राहिली आणि न अडखळता सगळं सांगत गेली. कुठल्या पेपरात काय सुटलं, खोलीत पंखे किती होते, त्यातला कुठला बंद होता, पर्यवेक्षकाच्या शर्टाचा रंगसुद्धा. ती गेल्यावर सर म्हणाले, "एवढं पाठ कोणाला असतं? पढवून पाठवलेली वाटते."

मग त्यांनी तिच्या परीक्षांच्या तारखा काढल्या आणि पॅकिंगचं मस्टर मागवलं. मस्टर म्हणजे हजेरीपुस्तक. कंत्राटी बायकांची हजेरी तेव्हा वहीवरच होती, अंगठ्याचं मशीन यायचं होतं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून तीन पानं दाखवली. बाकीचे पेपर सुट्टीच्या दिवशी आले होते, हे तीन कामाच्या दिवशी. तिन्ही दिवशी रंजना भोये कामावर हजर, सकाळी सात ते दुपारी साडेतीन.

बाई एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणजे तिच्या नावावर पेपर दुसऱ्याच कोणीतरी दिले, असा अर्थ मी तरी लगेच काढला. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. आपल्यापेक्षा मोठी चोरी कोणाची तरी सापडली होती. तिला कळवून टाकू, मी म्हणाले. सर म्हणाले, अजून एका बाजूने बघायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून पंचवटीतल्या तिच्या परीक्षा केंद्रावर गेलो. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो असताना मला काय झालं कोण जाणे, मी मागे बसल्या बसल्या सांगून टाकलं, की माझा प्रोजेक्ट विकतचा होता. सरांनी मान वळवली नाही. म्हणाले, "माहितीये. तुम्ही शंभर म्हणालात. खरं भेटणारा माणूस ब्याण्णव म्हणतो." हिरवा दिवा लागला. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि निघताना म्हणाले, "मग आता भेटा ना. कामगार कुठे लांब आहेत?"

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून खरंच तो प्रोजेक्ट करायला घेतला होता. एकसष्टपर्यंत गेले आणि पुढे बाळंतपणात राहून गेलं. पण ती एकसष्ट नावं मला आजही येतात.

केंद्रावरचे हेडक्लार्क आधी कागद दाखवायला तयार नव्हते. कारखान्याचं पत्र बघितलं, सरांचा चेहरा बघितला आणि शेवटी गठ्ठा काढला. फक्त दोन वर्षांपुरती उपस्थितीपत्रकं ठेवलेली होती, त्यात आमच्या तीनपैकी दोन तारखा निघाल्या. रंजनाच्या नावापुढे सही होती. ती अनुस्वाराचं टिंब न देता छोटं गोल काढते, तेच तिथेही होतं. सरांनी अर्जावरची सही शेजारी धरली, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. तेवढ्यात तिथल्या एक बाई डोकावल्या. काय शोधताय विचारलं आणि नाव ऐकून म्हणाल्या, ती निळ्या एप्रनमधली ना? पेपरला कारखान्याच्या कपड्यातच यायची. वेळ संपली तरी हातातून पेपर ओढून घ्यावा लागायचा.

मी सरांकडे बघितलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते खाली जिन्यात थांबले आणि हातरुमालाने चष्मा पुसत राहिले. मी म्हणाले, पदवी खरी निघाली की. ते म्हणाले, "पदवी खरी, म्हणजे मस्टर खोटं. आणि मस्टरवर महिनाअखेरीस सही माझी असते."

आम्ही कारखान्यात पोचेपर्यंत रंजनाला कोणीतरी सांगितलं होतं की सीआयडी तिच्या परीक्षेच्या केंद्रावर जाऊन आलाय. ती टाइम ऑफिसच्या दाराशी उभीच होती.

"साहेब, माझा अर्ज परत द्या," ती म्हणाली. "मला नाय पाहिजे ती जागा."

"पदवी खोटी आहे का?"

"खोटी नाय."

"मग?"

मग थोडं थोडं करून तिने सांगितलं. काही पेपर कामाच्या दिवशी यायचे. मार्चमध्ये माल पाठवायची घाई असते, तेव्हा सुट्टी मागितली की कंत्राटदार उद्यापासून येऊच नको म्हणायचा. मग ती रोजच्यासारखा एप्रन घालून बाकीच्यांसोबत निघायची आणि गेटच्या अलीकडून रिक्षाने पंचवटी गाठायची. तिच्या टेबलावरच्या चौघी तिच्या वाटची खोकी भरायच्या आणि हजेरीही लावायच्या. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला ती एकटी येऊन त्या चौघींच्या वाटचं काम उरकून द्यायची.

सरांनी चौघींची नावं विचारली.

"ती नाय सांगणार मी," रंजना म्हणाली. "त्यांना घरी बसवाल. मला बी बसवा पाहिजे तर. पण अभ्यास माझ्या एकटीचा नव्हता, साहेब. मी टेप मारता मारता म्हणायची आणि त्या माझ्याकडून पाठ करून घ्यायच्या. चुकले की त्याच सांगायच्या."

सरांनी तिला कामावर जायला सांगितलं. मला वाटलं, हे ते सोडणार नाहीत. बायका काहीही सांगतात, असंही माझ्या मनात येऊन गेलं. खोकी भरणाऱ्या बायका इतिहास कशाला पाठ करतील? सरांनाही तेच वाटत असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि मला म्हणाले, चला.

आम्ही पॅकिंगला गेलो. रंजनाला मी आधीच ऑफिसात कागदांवर सह्या करायला बोलावून ठेवलं होतं, सरांनीच तसं सांगितलं होतं. तिच्या टेबलावर चौघी जणी होत्या. सर तिथे गेले आणि खोकी मोजायला आल्यासारखे उभे राहिले. बायका खाली माना घालून टेप ओढत होत्या. टेपचा तो कर्रर्र आवाज चालू असताना सरांनी त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईला, काही विशेष विचारत नाही अशा आवाजात विचारलं, "मावशी, रयतवारी म्हणजे काय हो?"

"शेतसारा सरळ शेतकऱ्याकडून घ्यायचा," मावशी वर न बघता म्हणाल्या, "मधी जमीनदार नाय."

आणि मग त्यांचा हात थांबला. चौघींचेही थांबले. काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. मावशींच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली. त्या सातवी शिकलेल्या होत्या, ते मला नंतर त्यांच्या फाइलमध्ये दिसलं.

सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि मागे वळून चालू लागले.

ऑफिसात येऊन त्यांनी मॅनेजरसाहेबांना टिपण लिहिलं. ते टाइप मीच केलं. रंजना भोये यांची पदवी मी स्वतः तपासली आहे, ती अस्सल आहे. परीक्षेच्या तीन दिवशी मस्टरवर त्यांची हजेरी चुकून लागली आहे. मस्टर तपासण्याची जबाबदारी टाइम ऑफिसची, म्हणजे माझी आहे. चौघींचा त्यात उल्लेख नव्हता. मी विचारलं, सर, चुकून? ते म्हणाले, मी बघितलं नाही, ही चूकच.

मॅनेजरसाहेबांना ते पटलं नाही. एवढा काटेकोर माणूस तीन वेळा चुकतो कसा? सरांनी बाईकडून काही घेतलंय का, त्यांचं काही नातं आहे का, अशी कुजबुज ऑफिसात सुरू झाली. जे लोक वर्षानुवर्षं सरांच्या संशयाला वैतागले होते, त्यांना आता त्यांच्यावरच संशय घ्यायची संधी मिळाली आणि ती कोणी सोडली नाही. चौकशी बसली. मी लिहून घ्यायला होते. साहेबांनी चिडून विचारलं, लोकांच्या पदव्या तपासता, तुम्ही स्वतः काय शिकलाय?

"बारावी," सर म्हणाले. "नंतर कॉमर्सचं पहिलं वर्ष. नापास. परत बसलो नाही."

मला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मला खाली बघावं लागलं.

सरांना मेमो मिळाला. आमच्याकडे विश्वासातल्या माणसांना निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून देत. त्यांना ती मिळणार नाही, हेही कळवण्यात आलं. रंजनाची जागा चार महिने अडकली. शेवटी प्रमाणपत्रात काही खोट काढता येईना म्हणून तिला घ्यावं लागलं.

निवृत्तीच्या आधी एका दुपारी आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा सरांनी आपणहून सांगितलं. ते मनमाडचे. वडील रेल्वेत होते. कॉलेज नाशिकला, रोज पॅसेंजरने येऊन जाऊन. पहिल्या वर्षाला नापास झाले आणि घरी पास झालो म्हणून सांगितलं. पुढची दोन वर्षं डबा घेऊन रोज त्याच गाडीने निघायचे आणि नाशिक रोड स्टेशनवर बसून राहायचे. मग बहिणीचं लग्न निघालं. वडिलांनी पत्रिकेवर यांच्या नावापुढे बी.कॉम. छापून आणलं.

"मी बोललो नाही," सर म्हणाले. "उलट ती पत्रिका गावभर मीच वाटली. वडील गेले तेव्हाही त्यांना तसंच वाटत होतं. तेव्हापासून कोणाच्या नावापुढे काही दिसलं, की मला आधी ती पत्रिका दिसते."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते ऐकलं नाही. रस्त्यापलीकडे शिफ्ट सुटली होती, बायका निघाल्या होत्या, तिकडे बघत म्हणाले, "त्या बाईला कोणी अभ्यास कर म्हणालं नव्हतं. मला तर रोज डबा मिळत होता."

निवृत्तीच्या वर्षीच त्यांनी बाहेरून बी.कॉम.ला नाव घातलं. अर्ज रंजनाने भरून दिला. ती आता स्टोअरला आहे. सर अजूनही तिच्याकडे अडलेलं विचारायला येतात आणि तिने सांगितलेलं दोन पुस्तकांत ताडून बघतात. पहिल्या वर्षी ते अकाउंट्सला नापास झाले. घरी त्यांनी बायकोला त्याच दिवशी सांगितलं आणि मलाही मुद्दाम फोन करून सांगितलं. पुढच्या खेपेला पास झाले.

या वर्षी त्यांचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. पास झाले, पण अभिनंदनाचा फोन केला तर ते खूश दिसेनात. अर्थशास्त्राला एकसष्ट मार्क पडले होते. एवढे कसे पडतील, त्यांचं चाललं होतं. पाचवं उत्तर आपण अर्धंच लिहिलं होतं. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. केंद्रावरच्या क्लार्कने आधी समजूत घातली, काका, लोक मार्क वाढावेत म्हणून हा अर्ज करतात, तुमचे कमी होतील. सर म्हणाले, होऊ देत. त्याला वाटलं म्हाताऱ्याला फॉर्म कळलेला नाही. प्रवेशाच्या अर्जावर रंजनाचा नंबर होता, त्याने तिला फोन लावला. ती म्हणाली, घ्या त्यांचा अर्ज, ते ऐकायचे नाहीत.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. मी ऑफिसातच होते.

"चार कमी झाले, मॅडम. सत्तावन्न."

वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

"छे," सर म्हणाले. "आता हे माझे आहेत."